वाचकांचे प्रश्न: नदीत पाणी आहे, मग सॅल्मन तिथे अंडी का घालत नाही?

मागच्या अंकात क्लॅमथ नदीवरच्या चार धरणांबद्दल लेख आला होता. ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियामधून वाहणारी ही नदी, तिच्यावरचं पहिलं छोटं धरण २०२३ मध्ये निघालं, उरलेली तीन २०२४ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चिनूक सॅल्मन ओरेगॉनमध्ये अशा ठिकाणी दिसले जिथे १९१२ नंतर ते पोचलेच नव्हते. त्यावर भरपूर पत्रं आली. बऱ्याच जणांचं म्हणणं असं की धरण काढलं, पाणी सुटलं, आता मासे आपोआप वाढतील. मला मनापासून वाटतं की इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सॅल्मनची पैदास पाण्यावर अवलंबून आहे तितकीच ती त्या पाण्याखालच्या तळावर, गोट्यांवर आणि नदीच्या आकारावर आहे. पत्रं थोडी कापून देतेय.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही सिएटलजवळ रेंटनला राहतो. इथली लायब्ररी चक्क सीडर नदीच्या वर बांधलीय, शरदात खाली सॅल्मन वर जाताना दिसतात. नदीकाठच्या वाटेने वर चालत गेलं की ते एका ठराविक पट्ट्यात गर्दी करतात, भांडतात, शेपटीने तळ उकरतात, आणि थोडं पुढे तसंच पाणी, तसेच गोटे, पण एकही मासा नाही. असं का?
(एक वाचक, रेंटन)

उत्तर: वरून बघितलं तर दोन्हीकडे तसंच दिसतं, खरा फरक गोट्यांच्या आत असतो. सॅल्मनची अंडी तळावर पडून राहत नाहीत, ती गोट्यांखाली पुरलेली असतात, आणि तिथे त्यांना काही महिने काढायचे असतात. पाणी १० अंश सेल्सियस असेल तर चिनूकची अंडी फुटायलाच साधारण ५० दिवस लागतात, आणि फुटल्यावर पिल्लू पोटाला बलकाची पिशवी घेऊन अजून बरेच आठवडे आतच राहतं. एवढा सगळा काळ फटींमधून ताजं, ऑक्सिजनवालं पाणी येत राहिलं पाहिजे आणि अंड्यांनी टाकलेली घाण वाहून गेली पाहिजे.

आता हे आतलं पाणी कशाने फिरतं, तर तळाच्या चढउताराने. डोह संपत आला की तळ वर चढायला लागतो, पाणी उथळ होत होत पुढच्या खळाळाच्या माथ्यावर येतं, आणि तिथे दाबातल्या फरकामुळे थोडं पाणी वरून न जाता सरळ तळात शिरतं, गोट्यांच्या फटींमधून पुढे सरकतं आणि खळाळाच्या खालच्या अंगाला परत वर येतं. डोहाचं शेपूट आणि खळाळाचा माथा या दोन्हीच्या मधली ती जागा मादीला बरोबर सापडते, आणि तुम्ही जी भांडणं बघता ती त्याच जागेसाठी चाललेली असतात. तळ सपाट असेल, डोह नाही खळाळ नाही, नुसतं एकसारखं पाणी वाहतंय, तर आत शिरणारं पाणी फार कमी.

मादी कुशीवर होते आणि शेपटी जोरात आपटते, गोटे उचलले जातात आणि प्रवाह बारीक वाळू-गाळ लांब नेतो, जड गोटे जवळच पडतात, सुपात धान्य पाखडावं तसं. खड्डा झाला की त्यात अंडी, लगेच नर त्यावर वीर्य सोडतो, मग ती थोडी वर सरकून पुन्हा उकरते आणि त्याच गोट्यांनी आधीची अंडी झाकली जातात. असं करत करत चार-पाच हजार अंडी वेगवेगळ्या कप्प्यांत जातात (हा आकडा चिनूकचा, तुमच्याकडच्या सॉकाय जातीच्या सॅल्मनची अंडी कमी असतात) आणि शेवटी जो उंचवटा उरतो तोही पाणी आत ढकलायला मदत करतो. म्हणजे मासा स्वतःच तळाचा आकार बदलतो, मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

गोट्यांचा आकारही बघावा लागतो. माशाच्या लांबीच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंतचे गोटे मादी हलवू शकते, म्हणजे ८० सेंटीमीटरची चिनूक असेल तर सरासरी ८ सेंटीमीटरच्या आसपासचा माल, त्याहून मोठा धोंडा तिला हलत नाही. आणि खालच्या बाजूलाही मर्यादा आहे, १ मिलीमीटरहून बारीक माल साधारण १२ ते १४ टक्क्यांच्या पुढे गेला की पिल्लं जगून बाहेर येण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरतं, कारण फटी बुजतात. थोडी जाड वाळू असेल तर पाणी आत जातं पण पिल्लाला वर यायला वाट सापडत नाही, तेही तितकंच वाईट. चिनूकला वरचं पाणी निदान वीतभर खोल आणि सेकंदाला साधारण एक ते तीन फूट वेगाचं लागतं. जातीजातीत फरक आहेच, चम सॅल्मन बऱ्याचदा जिथे भूजल खालून वर येतं तिथे जातो, आणि सॉकाय तर काही ठिकाणी तलावाच्या काठावरच अंडी घालतो.

प्रश्न: मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. आमच्याकडे धरणाखालचं सगळं बोलणं क्युसेकमध्ये. लेखात "पुरेसा प्रवाह" वगैरे शब्द वाचले पण आकडा कुठेच नाही. सॅल्मनला नेमके किती क्युसेक लागतात ते सांगा.
(एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर: साहेब, एकच आकडा देता येत नाही, पण का देता येत नाही हे तुमच्याच क्षेत्रातल्या एका उदाहरणाने सांगते, मला वाटतं तुम्हाला ते आवडेल. कोलंबिया नदीवर वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड रीच नावाचा साधारण ८२ किलोमीटरचा पट्टा आहे, वर प्रीस्ट रॅपिड्स धरण, खाली मॅकनॅरी धरणाचा जलाशय, आणि मधे नदी मोकळी. मोकळी राहिली कारण १९४३ मध्ये तिथे अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायचा प्रकल्प आला आणि तो सगळा भाग सरकारने बंद करून टाकला. मुख्य कोलंबियात फॉल रन (शरदात नदीत येणाऱ्या) चिनूकची नैसर्गिक पैदास आज सगळ्यात जास्त इथेच होते.

इथे व्हर्निटा बार म्हणून गोट्यांचा मोठा पसरट बार, म्हणजे नदीने साठवलेला उथळ उंचवटा, आहे. उतार मंद, त्यामुळे पाणी हातभर चढलं की बराच मोठा नवा पट्टा बुडतो आणि हातभर उतरलं की तेवढाच उघडा पडतो. आता जलविद्युत धरणाचं नेहमीचं वागणं काय, दिवसा विजेची मागणी जास्त म्हणून दिवसा विसर्ग जास्त आणि रात्री कमी. चिनूक अंडी घालतात मुख्यतः दिवसा. म्हणजे दिवसा पाणी चढलेलं असताना माशांनी बारच्या वरच्या भागात घरटी केली, आणि नंतर हिवाळ्यात विसर्ग उतरला की ती घरटी कोरडी! पाणी तेच, वर्षाची बेरीज तीच, तरी अंडी गेली.

त्यावर तोडगा असा निघाला की अंडी घालायच्या हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चक्र उलटं करायचं. दिवसा विसर्ग दाबून धरायचा म्हणजे मासे बारच्या खालच्या भागातच घरटी करतील, आणि जास्तीचं पाणी रात्री सोडायचं. मग घरटी किती उंचीपर्यंत गेलीत ते माणसं प्रत्यक्ष बारवर उतरून मोजतात आणि ती उंची बुडालेली राहील एवढा विसर्ग, साधारण ५० ते ७० हजार क्युसेकच्या दरम्यान ठरतो तो, पिल्लं बाहेर येईपर्यंत धरून ठेवायचा. याचा करार १९८८ मध्ये झाला. पुढे २००४ मध्ये त्यात पिल्लांचं संरक्षणही आलं, कारण वसंतात गोट्यांमधून बाहेर आलेली पिल्लं काठाकाठाने राहतात आणि विसर्ग दिवसात भसकन वरखाली झाला की खळग्यांमध्ये अडकून मरतात, म्हणून रोजच्या चढउतारावर बंधन घातलं.

यातला अजून एक बारकावा. अंडी असताना पाणी काही तास उतरलं तरी गोटे ओलसर असतील तर अंडी टिकतात, पण एकदा ती फुटली की आतलं पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेतं, ते फार थोडा वेळ तग धरतं. म्हणजे डिसेंबरातला जो खंड चालून जातो तोच नंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये प्राणघातक ठरतो. म्हणून विचारायचं ते असं: कुठल्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती वेगाने चढवत-उतरवत, आणि कुठल्या आकाराच्या पात्रात. क्युसेकचा आकडा यानंतर येतो.

प्रश्न: भूगोलाचा विद्यार्थी आहे. प्रवाह तितकाच ठेवला तर पात्राच्या आकाराने नक्की काय बदलतं? आणि खरं उदाहरण आहे का?
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: विसर्ग म्हणजे रुंदी गुणिले खोली गुणिले वेग. रुंदी दाबली की उरलेली दोन वाढणारच, आणि तळावर पाण्याची ओढ खोली आणि उतार यांच्या गुणाकाराने वाढते. हे झालं पुस्तकातलं. पण सॅल्मनसाठी महत्त्वाचं म्हणजे, पात्र पसरट असेल, बाजूला बार, उपधारा, उथळ कडा असतील, तर पाणी वाढल्यावर मधली जागा जरी फार वेगाची झाली तरी योग्य खोली-वेगाचा पट्टा बाजूला सरकतो, नाहीसा होत नाही. पात्र चौकोनी नाल्याच्या आकाराचं झालं असेल तर पाणी वाढलं की सगळीकडे एकदमच वेग वाढतो, माशाला सरकायला जागाच नाही.

उदाहरण ट्रिनिटी नदीचं घे, उत्तर कॅलिफोर्नियात, ती क्लॅमथला मिळते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर ट्रिनिटी आणि लुइस्टन ही धरणं झाली आणि बोगद्यातून पाणी सॅक्रमेंटोच्या खोऱ्यात वळवलं, पहिल्या दहाएक वर्षांत तर वरून येणारं जवळजवळ ९० टक्के. नदीत वर्षभर थोडंसं, एकसारखं पाणी. वरवर बघणाऱ्याला वाटेल चला, आटली तर नाही. पण दरवर्षीचे पूर बंद झाले, आणि पुराचं एक काम असतं ते म्हणजे काठावर रुजलेली विलो, आल्डरची रोपं उपटून टाकायचं. ते होईना. रोपांची झाडं झाली, मुळांनी वाळू धरली, वाळूचे बांध तयार झाले दोन्ही काठांना, आणि पसरट नदी अरुंद, खोल, सरळ चर होऊन बसली. पिल्लांना लागणारे उथळ संथ काठ गेले. त्यात ग्रास व्हॅली नावाच्या ओढ्यातून कुजलेल्या ग्रॅनाइटची भरड वाळू यायची, ती पूर्वी पुराने पुढे जायची, आता डोहांत आणि गोट्यांत भरून राहिली.

हूपा आणि युरोक हे तिथले आदिवासी समाज, त्यांचं जेवण, सण, सगळं या माशावर, त्यांनी हा विषय कधी सोडला नाही. डिसेंबर २००० मध्ये केंद्र सरकारने हूपा समाजाच्या संमतीने निर्णय केला की वर्ष किती ओलं-कोरडं आहे त्यानुसार पाच प्रकारची वेळापत्रकं असतील, अगदी ओल्या वर्षी विसर्ग ११,००० क्युसेकपर्यंत न्यायचा, आणि सोबत यंत्रांनी ते बांध फोडायचे, काठ खाली उतरवायचे, धरणाखाली गोटे टाकायचे. पाणी वापरणाऱ्यांनी कोर्टात नेलं, २००४ मध्ये ती अडचण संपली. मला या निर्णयातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू, त्यात पाणी आणि पात्र वेगळं धरलेलं नाही. नुसतं पाणी वाढवलं असतं तर त्या चरातून ते जोराने निघून गेलं असतं, आणि नुसते बांध फोडले असते तर दहा वर्षांत झाडं परत उगवली असती.

प्रश्न: आम्ही फॉलसमला असतो (आयटीवाले भरपूर मराठी आहेत इथे). अमेरिकन रिव्हरच्या काठाने चालायला जातो तर उन्हाळ्याच्या शेवटी चक्क लोडर-डंपर नदीत गोटे ओतत होते. नदीत आधीच गोटे असताना वरून टाकायची काय गरज?
(एक दांपत्य, फॉलसम)

उत्तर: कारण वरून यायचे बंद झालेत. नदी सतत गोटे पुढे नेत असते आणि डोंगरातून नवे येत असतात, हा हिशोब जुळलेला असतो. तुमच्याकडचं फॉलसम आणि त्याखालचं निंबस, दोन्ही धरणं १९५० च्या दशकातली, त्यांच्या जलाशयांत सगळा माल अडकतो आणि खाली सुटतं ते स्वच्छ पाणी. इंजिनिअर लोक त्याला भुकेलं पाणी म्हणतात. त्याच्यात माल वाहायची ताकद आहे पण वाहायला काही नाही, मग ते खालच्या तळातला हलेल तेवढा माल उचलतं आणि जे हलत नाहीत ते मोठे धोंडे तेवढे मागे राहतात, तळाला चिलखत चढल्यासारखं होतं. तुम्हाला जे "आधीच गोटे" दिसतात ते बरेचसे असे, मादीला न हलणारे.

तुमच्या नदीत हे गोटे टाकायचं काम २००८ पासून टप्प्याटप्प्याने चाललंय, सेलर बार, सनराइज या भागांत. आणि माल कुठून येतो, तर जवळच्याच ढिगाऱ्यांतून. सोन्यासाठी तिथे मोठमोठ्या ड्रेजर यंत्रांनी काठ उलथेपालथे केले होते, त्यांनी मागे टाकलेले गोट्यांचे डोंगर अजून आहेत, तेच चाळून, धुऊन, योग्य आकाराचे निवडून नदीत परत जातात. हे मला फार बरं वाटतं.

पण हे एकदा करून संपणारं काम नाही. पूर आला की तो माल पुढे जाणार, जायलाच हवा, म्हणजे परत टाकावा लागणार, जोवर धरण आहे तोवर. आणि कुठेही ओतून चालत नाही, १९९० मध्ये मर्सेड नदीवर असे पट्टे बांधले होते ते पुढच्या काही वर्षांतच वाहून गेले, कारण तिथलं पात्र कुठल्या पाण्याला कुठला गोटा हलवतं याचा नीट विचार नव्हता.

प्रश्न: आम्ही सांगलीकर, पूर म्हटलं की पोटात गोळा येतो. तुम्ही पूर चांगला म्हणता. अंडी वाहून जात नाहीत का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: जातात की. अंडी आत असताना मोठा पूर आला आणि तळ खरवडला गेला तर सगळं घरटंच जातं. वॉशिंग्टनमधल्या केनेडी क्रीक या ओढ्यावर चम सॅल्मनचा अभ्यास झालाय, त्यात दिसलं की अंडी पुरलेली खोली ही नेहमीच्या पुरात तळ जितका खरवडतो त्याच्या जेमतेम खाली आहे. मासा त्या नदीच्या सवयीच्या पुराला धरूनच खोल जातो, उगाच जास्त खोल उकरायला ताकद खर्च करत नाही. शिवाय खूप मासे एकत्र उकरतात तेव्हा वरचा बारीक माल निघून जातो आणि तळ पुराला थोडा जास्त टिकतो.

म्हणूनच आपण पात्र बदललं की घोळ होतो. दोन्ही बाजूंनी तटबंदी घालून नदी अरुंद केली की तोच पूर, जो आधी शेतात-रानात पसरून शांत व्हायचा, तो आता पात्रातच खोल वाहतो, तळावरची ओढ वाढते, खरवड चार बोटं जास्त खोल जाते आणि तेवढ्याने अंड्यांचा कप्पा उघडा पडतो. रेंटनच्या वाचकांची सीडर नदीही अशीच दाबलेली आहे, तिचं तोंडच १९१२ मध्ये वळवून लेक वॉशिंग्टनमध्ये सोडलंय. पूर हवाच, तो गाळ धुतो, गोटे आणतो, नवे बार करतो. त्याला पसरायला जागाही हवी. हे सांगलीकरांना मी वेगळं सांगायला नको.

प्रश्न: क्लॅमथची धरणं पाडली तेव्हा इतक्या वर्षांचा गाळ खाली आला ना? मग त्यात खालची घरटी गुदमरली असणार. हे नुकसान कोणी का बोलत नाही?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: प्रश्न अगदी रास्त आहे. जलाशय जानेवारी २०२४ पासून उतरवायला घेतले आणि नदी काही महिने अक्षरशः चिखल वाहत होती, त्या काळात धरणांच्या लगेच खालच्या भागात जिवांना फटका बसलाच. वेळ मुद्दाम हिवाळ्याची निवडली होती, कारण तेव्हा नदीला पाणी जास्त असतं आणि बरेचसे मासे समुद्रात किंवा उपनद्यांमध्ये असतात. बारीक गाळ पुराबरोबर समुद्रापर्यंत निघून जातो, ते काही महिन्या-वर्षांचं दुखणं. धरण मात्र दरवर्षी, कायमचं गोटे अडवत होतं, वरची साधारण ६५० किलोमीटर नदी-उपनद्यांची वाट बंद करून ठेवत होतं, आणि उन्हाळ्यात तापलेलं शेवाळलेलं पाणी खाली सोडत होतं. २००२ च्या सप्टेंबरात याच नदीच्या खालच्या टप्प्यात कमी प्रवाह आणि कोमट पाण्यात रोग पसरून ३०,००० हून जास्त सॅल्मन मेले होते, त्या काठावरच्या लोकांनी ते बघितलंय, आणि धरणं काढायची मागणी त्यानंतर जास्तच पेटली.

एल्व्हा नदीचं उदाहरणही बघा, वॉशिंग्टनमधली, तिथली दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये निघाली. तिथे गाळासोबत वाळू-गोटेही प्रचंड आले, धरणांखाली तळ वर उचलला गेला, एकाच धारेत अडकलेली नदी परत फाटे फुटून वाहायला लागली, मुखाशी नवा किनारा तयार झाला. पहिली काही वर्षं अवघड गेली, पण अनेक दशकं जी नदी गोट्यांना मुकली होती तिला ते मिळाले.

प्रश्न: पाणी थंड लागतं म्हणतात, ते किती? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: चिनूकच्या अंड्यांसाठी साधारण १३ अंश सेल्सियसच्या आत. सॅक्रमेंटो नदीतली विंटर रन चिनूक हिवाळ्यात नदीत शिरते पण ऐन उन्हाळ्यात अंडी घालते, पूर्वी ती वर झऱ्यांच्या थंड मॅक्लाउड नदीत जायची, १९४५ मध्ये पुरं झालेल्या शास्ता धरणाने ती वाट बंद केली. आता ती धरणाखाली तापणाऱ्या खोऱ्यात, जलाशयाच्या तळातल्या थंड पाण्याच्या भरवशावर जगते. १९९७ मध्ये धरणाला वेगवेगळ्या खोलीवरून पाणी घ्यायची सोय केली, पण २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात थंड पाणीच पुरलं नाही आणि दोन्ही वर्षी बहुतेक सगळी अंडी-पिल्लं गेली. नदी वाहत होती, गोटेही होते.

प्रश्न: आमच्या इथे ओरेगॉनमध्ये हेलिकॉप्टरने मोठाली झाडं आणून मुळांसकट ओढ्यात टाकतात. ओढे साफ ठेवायचे की भरायचे?
(एक वाचक, पोर्टलंड)

उत्तर: भरायचे. आधी उलटं चालायचं, १९५० ते ७० च्या दशकांत तिथल्या खात्यांनीच माशांची वाट अडते म्हणून ओढ्यांमधली पडलेली झाडं उचलून काढली. त्याच्याही आधी लाकूडतोडे ओढ्यावर तात्पुरते बंधारे घालून पाणी तुंबवायचे आणि ओंडक्यांसकट एकदम सोडायचे, त्यात कित्येक ओढ्यांचे गोटे धुपून खाली नुसता कातळ उरला, आणि कातळावर कोणी अंडी पुरू शकत नाही. आडवं पडलेलं झाड काय करतं तर त्याच्याखाली डोह पडतो, मागे गोटे साठतात, पाणी बाजूला वळून उपधारा फुटते. कोहो सॅल्मनच्या पिल्लांना तर वर्षभर अशाच जागा लागतात. बीव्हर हा प्राणीही बंधारे घालून हेच करतो. तुमच्या राज्यात मॅकेंझी नदीच्या दक्षिण फाट्यावर २०१८ मध्ये तर सगळं पात्रच बुजवून दरी सपाट केली, ओंडके टाकले आणि पाण्याला हवं तसं पसरू दिलं, जमलं तर एकदा बघून या.

प्रश्न: आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरांत. हे सॅल्मनसारखंच ना? आणि महासीरचं काय?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: सॅल्मन समुद्रातून येतो, आपले चढणीचे मासे गोड्या पाण्यातले, नदीतून वर उथळ नव्या पाण्याकडे जाणारे, आणि ते मरायला येत नाहीत, अंडी घालून परत उतरतात. (पॅसिफिकमधले सॅल्मन अंडी घातल्यावर मरतात.) तरी मूळ गरज तीच: वर जायला मोकळी वाट, आणि वेळेवर पाणी. आपल्याकडे जूनच्या पहिल्या लोंढ्यावर हे सगळं बेतलेलं आहे, आणि धरण पहिला लोंढा आधी स्वतःच्या पोटात घेतं, खाली पाणी येईपर्यंत कधी कधी ऑगस्ट उजाडतो. त्यात अंड्यांनी भरलेल्या माद्याच सापळ्यात जातात. मला हे मासे खाणाऱ्यांना बोलायचं नाहीये, पण निदान पहिले काही दिवस वाट मोकळी सोडली तरी खूप फरक पडेल असं मला वाटतं.

महासीर पावसाळ्यात वर चढतो आणि स्वच्छ, वाहत्या, गोट्या-खडकांच्या तळावर अंडी घालतो, सॅल्मनसारखं खोल उकरून पुरत नाही. म्हणजे गाळ त्यालाही मारतो, आणि वाळू-गोटे उपसले तर त्याचीही जागा जाते. उन्हाळ्यात त्याला खोल डोह लागतात, महाडजवळ काळ नदीवरची वाळण कोंड किंवा वैतरणेवरचं तिळसे, तिथे देवाचे म्हणून मासे राखलेत ते डोहांमुळेच टिकलेत. लोणावळ्याला टाटा पॉवरचं महासीर पैदास केंद्र कित्येक दशकं चाललंय, तिथून पिल्लं सोडली जातात. काम मोठं आहे, पण पिल्लू सोडल्यावर त्याला नदीत पुढे डोह आणि गोट्यांचा तळ मिळाला पाहिजे, ते कुठलंच केंद्र बनवून देऊ शकत नाही.

प्रश्न: मुलांना हे सगळं दाखवायचंय. कुठे, कधी जावं, आणि काय काळजी घ्यावी? (अनेकांनी विचारलंय, एकत्र उत्तर देतेय)

उत्तर: सिएटलकडे असाल तर इसाक्वा हॅचरी (माशांचं पैदास केंद्र) आणि सीडर नदी, सप्टेंबर-ऑक्टोबर. सॅक्रमेंटो-फॉलसमकडे निंबस हॅचरीची शिडी (मासे पायरी-पायरीने वर चढतात तो पाण्याचा मार्ग) साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडते, पण मुलांना शिडी दाखवून लगेच घरी नेऊ नका, खाली सेलर बारला जाऊन खऱ्या नदीतली घरटीही दाखवा. कॅनडात असाल तर ब्रिटिश कोलंबियातली ॲडम्स नदी, तिथे सॉकायचं मोठं वर्ष चार वर्षांनी येतं, २०१८, २०२२, आणि म्हणून पुढचं २०२६.

घरटं ओळखायचं असं: सगळ्या तळावर शेवाळाचा हिरवट-तपकिरी थर असतो आणि मधेच एक लांबट पट्टा उजळ, नुकता उलटलेला, वरच्या बाजूला खड्डा आणि खालच्या बाजूला उंचवटा. तो उंचवटा दिसला की समजा अंडी त्याच्याखाली आहेत, आणि मासे मरून-संपून गेले तरी ती आत असतातच, कॅलिफोर्नियात फेब्रुवारी-मार्चपर्यंत, थंड नद्यांमध्ये अजून पुढे. म्हणून पाण्यात उतरू नका, दगड मारू नका, आणि कुत्रा असेल तर त्याला पट्ट्यावरच ठेवा, लोक नेमके उथळ खळाळ बघूनच नदी ओलांडतात आणि घरटी नेमकी तिथेच असतात.